आदिलाबाद चालते, जैनथ अडते

प्रश्न : कापसाच्या भावासाठी वेब एपीआयला विनंती पाठवताना गावाचे नाव रोमन लिपीत असले तर उत्तर मिळते, देवनागरीत ‘जैनथ’ लिहिले की ‘सही जुळत नाही’ असा नकार येतो. दोष कुठे असावा? – एक वाचक, जैनथ (जि. आदिलाबाद)

उत्तर : एकाच किल्लीने केलेली एक विनंती स्वीकारली जाते आणि दुसरी नाकारली जाते, त्याअर्थी किल्ली आणि संगणकाचे घड्याळ या नेहमीच्या संशयितांना सोडून देणेच योग्य. विनंतीची सही म्हणजे तिचा मजकूर आणि गुप्त किल्ली यांपासून, बहुधा १९९७ च्या आरएफसी २१०४ मध्ये मांडलेल्या एचमॅक पद्धतीने, काढलेली खूण होय. सर्व्हर तीच खूण स्वतः पुन्हा काढतो आणि मजकुरात एका बाइटचा फरक पडला तरी ती जुळत नाही.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असल्याने ज, दोन मात्रांची खूण, न आणि थ मिळून १२ बाइट होतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे दोन सोळाआधारी अंक असा लिहिला जात असल्याने नाव ३६ अक्षरांचे बनते. रोमन अक्षरांना हे रूपांतर लागूच होत नाही, म्हणून ‘आदिलाबाद’ रोमन लिपीत सुखरूप पोहोचते. सही मूळ नावावर करून रूपांतर मागाहून झाले, किंवा ते दोनदा होऊन टक्क्याच्या चिन्हाचेच ‘%२५’ झाले, तर गाडी अडते. सही करण्यापूर्वीचा मजकूर छापून नावाची लांबी मोजावी. ती ६० भरली तर रूपांतर दोनदा झाले आहे. मात्र अ‍ॅमेझॉनच्या सिग्नेचर व्हर्जन ४ मध्ये एस-३ वगळता इतर सेवांच्या पत्त्यातील मार्गाचे रूपांतर मुद्दाम दोनदा करावे लागते, तेव्हा संबंधित एपीआयचा नियम आधी वाचावा.