आधी रिस्टोर, मग बॅकअप

गंगाखेड,
10 नोव्हेंबर 2025

चि. मृणाल हिस,


बँकेचा बॅकअपचा मुख्य सर्व्हर जुन्या क्लस्टरवरून नव्या क्लस्टरवर हलवायचं काम या महिन्यात तुझ्याकडे आलं आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, कोअर बँकिंगला हात लावायचा नाही, शाखा चालूच राहणार, मग यात अवघड काय?" त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे. इतकी वर्षं डेटा सेंटरमध्ये हेच काम केलं, त्यातलं तुझ्या कामी येईल ते या पत्रात आहे.

कोअर बँकिंगचा सर्व्हर अडला तर पाच मिनिटांत शाखांचे फोन सुरू होतात. बॅकअपचा सर्व्हर अडला तर कुणाचाच फोन येत नाही. काही गमावल्यावर ते परत मागायची वेळ येते, तेव्हाच त्याचा पत्ता लागतो आणि तोवर फार उशीर झालेला असतो. या कामातली खरी अवघड गोष्ट हीच आहे. चूक झाली तरी सोमवारी सकाळी सगळं सुरळीतच दिसतं.

बॅकअपच्या टेपांवर काय आहे, ते इथे बसलं की जास्त कळतं. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत आपल्याकडचं सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला. अनुदान जमा झालं का, पीककर्जाचं काय झालं, हे विचारायला माणसं पासबुक घेऊन बँकेत येतात. त्यांच्याजवळ पुरावा म्हणजे तेवढं पासबुक, बाकी सगळा बँकेच्या यंत्रणेत. यंत्रणांची ही हलवाहलव आता थांबणारीही नाही. यंदा 1 मेला आपली महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक यांचं विलीनीकरण झालं. दोन बँका एक झाल्या की कधी ना कधी त्यांची यंत्रणाही एक करावी लागते. तुझ्या पिढीला हे काम एकदा करून भागणार नाही, म्हणून पहिल्याच वेळी नीट शिकून घे.

आधी मूळ गोष्ट. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. एक नोड पडला तर दुसऱ्याने काम उचलावं, एवढंच क्लस्टरचं काम. कुणी फाइल पुसली, तर ती दोन्ही नोडसाठी पुसलेलीच असते. ती परत आणतो बॅकअप, आणि बॅकअपचा जीव कॅटलॉगमध्ये. मोंढ्यातल्या गोदामात हजारो पोती रचलेली असतात; कोणाचं पोतं कोणत्या थप्पीत आहे हे सांगणारी वही हरवली तर माल असून नसल्यासारखा. कॅटलॉग ती वही आहे. नेटबॅकअप या बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉगशिवाय टेपा पुन्हा ओळखीच्या करून घेता येतात, पण त्यासाठी दोन टप्प्यांचं इम्पोर्ट करावं लागतं. पहिल्या टप्प्यात टेपवर कोणते बॅकअप आहेत ते वाचायचं, दुसऱ्यात त्यातल्या फाइलींची यादी नव्याने बांधायची. पाच-दहा टेपांचं ठीक, अख्ख्या लायब्ररीचं करायला बसलं तर आठवडे जातात. म्हणून सर्व्हर हलवते आहेस असं न समजता कॅटलॉग हलवते आहेस असं समज.

आता तयारी. दोन्ही क्लस्टरवर बॅकअपच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पॅच तंतोतंत एक ठेव. "हलवतोच आहोत तर अपग्रेडही उरकून टाकू" असं कोणी सुचवेल. नम्रपणे पण ठाम नकार दे. काही बिघडलं तर हलवण्याने बिघडलं की अपग्रेडने, हे त्या रात्री कोणालाच सांगता येणार नाही. आदल्या दिवशी कॅटलॉगचा ताजा बॅकअप घे. त्याची डिझास्टर रिकव्हरी फाइल आणि पासफ्रेज त्याच सर्व्हरवर ठेवू नकोस. नेटबॅकअपच्या 8.1 आवृत्तीपासून सर्व्हरची ओळख आणि प्रमाणपत्रं त्या पासफ्रेजमागे असतात. ती हरवली की कॅटलॉग परत येईल, पण सर्व्हरची ओळख येणार नाही. दोन जणांच्या सहीने पाकिटात बंद करून ती तिजोरीत ठेवायला लाव.

सर्व्हरचं आभासी नाव बदलू नकोस. शेकडो क्लायंटच्या सेटिंगमध्ये, प्रमाणपत्रांमध्ये आणि खुद्द कॅटलॉगमध्ये तेच नाव लिहिलेलं असतं. मात्र नाव तेच ठेवलं म्हणजे ते आपोआप नव्या घरी येतं असं नाही. विंडोजच्या क्लस्टरमध्ये त्या नावाचं खातं जुन्या क्लस्टरने ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तयार केलेलं असतं. नव्या क्लस्टरच्या खात्याला त्यावर पूर्ण अधिकार आधी मिळायला हवेत, आणि जुन्या क्लस्टरवर बॅकअप सर्व्हरची भूमिका बंद केल्यावर ते खातं डिसेबल केलेलं हवं. नाहीतर नवा क्लस्टर ते वापरात आहे असं समजून अडून बसतो. डीएनएसमधली नोंदही जुन्याच्याच मालकीची असते. रात्री एक वाजता डोमेनचे अधिकार असलेला माणूस शोधत बसण्यापेक्षा हे अधिकार चार दिवस आधीच मिळवून घे. त्याच वेळी नव्या नोडकडून फायरवॉलमध्ये 1556 आणि 13724 ही पोर्टं उघडी आहेत का, तेही प्रत्यक्ष जोडून पाहा. "उघडली आहेत" एवढ्या मेलवर विसंबू नकोस.

प्रत्यक्ष रात्री चालू जॉब पूर्ण होऊ दे, ड्राइव्हमधल्या टेपा उतरव आणि सगळ्या पॉलिसी निष्क्रिय कर. नवा सर्व्हर उठल्याबरोबर चुकलेल्या वेळांचे सगळे बॅकअप एकदम सुरू करायला धावतो, ते नको. मग जुन्या क्लस्टरवरची सेवा बंद कर, कॅटलॉगच्या डिस्कचा स्नॅपशॉट घे आणि मगच ती डिस्क जुन्या क्लस्टरकडून काढून नव्याला दाखव. एकच डिस्क एका क्षणासाठीही दोन्ही क्लस्टरना दिसता कामा नये. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर फाइल सिस्टीमचा चुराडा होतो. जुन्या क्लस्टरचं आरक्षण डिस्कवर राहून गेलं असेल तर नवा ती घेणार नाही. तेव्हा घाई न करता, जुना खरोखर बंद आहे हे डोळ्यांनी पाहूनच ते आरक्षण मोकळं कर.

सेवा सुरू करण्याआधी नव्या दोन्ही नोडचं घड्याळ पाहा: तारीख, वेळ, टाइम झोन. बॅकअपचा सर्व्हर मुदत संपलेले बॅकअप आपणहून कॅटलॉगमधून काढतो. घड्याळ वर्षभर पुढे असेल, तर तो मुदतीतले बॅकअपही संपले असं समजून पुसून टाकेल आणि कुठेही लाल खूण दिसणार नाही.

मृणाल, या पत्रातली मुख्य गोष्ट आता सांगतो. या कामात परतीची वाट एका ठरावीक क्षणी बंद होते आणि तो क्षण घड्याळावर दिसत नाही. नव्या सर्व्हरने पहिला नवा बॅकअप टेपवर लिहिला, की ती वाट अरुंद झाली. त्यानंतर तू जुन्या कॅटलॉगवर परतलीस, तर त्याला ती टेप रिकामीच वाटणार, आणि तो तिच्यावर खुशाल पुन्हा लिहिणार. म्हणून क्रम लक्षात ठेव: आधी रिस्टोर, मग बॅकअप. वाचल्याने टेपवरचं काही बदलत नाही. कालच्या डिस्कवरची एक फाइल, गेल्या वर्षीच्या टेपवरची एक, डेटाबेसचा एक पूर्ण बॅकअप, असे वेगवेगळ्या क्लायंटचे नमुने परत आण. जॉब हिरवा झाला म्हणून पुढे जाऊ नकोस. ज्या विभागाची फाइल आहे त्या माणसाने ती उघडून "बरोबर आहे" म्हणायला हवं. मग रिकाम्या नोडवर भूमिका हलवून फेलओव्हर कर, परत आण, आणि पुन्हा एक रिस्टोर कर. एवढं झाल्यावरच पॉलिसी चालू कर, आणि पहिल्या रात्रीचे बॅकअप नव्या, वेगळ्या काढलेल्या टेपांवरच जाऊ दे. परतायचं ठरलंच, तर त्या टेपा हाताने बाजूला काढता येतील.

परतायचं की नाही, हा निर्णयही आधीच घेऊन ठेव. रात्री तीनला सगळे दमलेले असतात आणि "अजून अर्धा तास बघू" असं प्रत्येकाला वाटतं. अमुक वेळेपर्यंत रिस्टोर झाला नाही तर परत फिरायचं, हे साहेबांच्या सहीने लिहून घे. परत फिरलेलं काम पुढच्या शनिवारी होतं. त्यात कमीपणा काही नाही.

पर्याय तयार असणं आणि पर्यायावर जाऊन पाहिलेलं असणं, यांत किती अंतर आहे हे मुंबईने पाहिलं आहे. 24 फेब्रुवारी 2021 ला राष्ट्रीय शेअर बाजाराचं कामकाज सकाळी 11.40 ला थांबलं ते दुपारी 3.45 ला सुरू झालं आणि 5 पर्यंत चालवावं लागलं. दूरसंचाराच्या जोडण्या डळमळल्या आणि पाठोपाठ स्टोरेज सर्व्हरना मिळेनासं झालं. पर्यायी केंद्र होतं, पण त्या दिवशी कामकाज तिकडे गेलं नाही. पुढे 2 मार्च 2024 च्या शनिवारी बाजाराने खास सत्र ठेवलं: सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून, खऱ्या सौद्यांसह. तालीम अशी असावी.

गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरणही वाचून ठेव. 31 जानेवारी 2017 ला त्यांच्याकडे चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. रोजचे बॅकअप बघायला गेले तर रिकामे! बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि बॅकअप फसल्याचे इशारे देणारे मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने त्यांना तारलं. तूही हलवल्यावर एक जॉब मुद्दाम फसव आणि इशारा योग्य माणसाच्या फोनवर येतो का ते पाहा.

जुना क्लस्टर लगेच मोडू देऊ नकोस. जागा हवी, वीज वाचवायची, असं कोणीतरी म्हणेलच. महिनाअखेरचा एक पूर्ण बॅकअप नव्यावर होऊन त्यातून रिस्टोर जमेपर्यंत जुना बंद करून, पण शाबूत ठेव. त्याची केबल काढून ठेव, म्हणजे चुकूनही दोघे एका नावाने उठणार नाहीत. मार्चअखेरीस तर असलं काम घेऊच नये, तू नोव्हेंबर निवडलास ते चांगलं केलंस.

प्रत्येक पायरी कागदावर लिही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. तुझ्यानंतर येणारी मुलगी किंवा मुलगा त्याच कागदावरून शिकेल. आणि काही चुकलं तर त्याच क्षणी वरिष्ठांना सांग. इथे लपवलेली चूक दोन वर्षांनी एखाद्या खातेदाराच्या डोक्यावर पडते आणि तिथे तू उत्तर द्यायला नसतेस.

काम झाल्यावर मला फोन कर. "सर्व्हर चालू झाला" हे सांगायला करू नकोस. कोणती फाइल परत आणली, कोणत्या टेपवरून आणली आणि कोणी उघडून पाहिली, हे सांगायला कर. त्याआधी काम झालं असं कोणालाही म्हणू नकोस.

तुझा,
काका