आम्लवर्षा आणि गिरणीचे धुराडे

सुरत शहराचा लिंबायत विभाग मराठी माणसास परका नाही. खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे तेथे वसली असून यंत्रमाग व कापडप्रक्रिया यांवर त्यांचा निर्वाह चालतो. यंत्रमाग विजेवर चालतो. त्यास धुराडे नसते. परंतु कापड रंगविण्यास वाफ लागते, आणि पांडेसरा, सचिन येथील प्रक्रियागृहांत ती मुख्यतः कोळसा वा लिग्नाइट जाळून निर्माण केली जाते. या धुराचा पावसाशी काय संबंध आहे, ते येथे पाहू.

पावसाचे पाणी मुळातच किंचित आम्ल असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा सामू सुमारे ५.६ होतो. सामू याहून खाली गेल्यास त्या पावसास आम्लवर्षा म्हणतात. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दसपट वाढली, असे समजावे. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ साली आपल्या ग्रंथात ही संज्ञा योजिली.

कोळशात गंधक असते. गुजरातेतील लिग्नाइटमध्ये तर ते बरेच असते. ते जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो व हवेत त्याचे गंधकाम्ल बनते. भट्टीच्या व वाहनांच्या इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होऊन त्यांपासून नायट्रिक आम्ल होते. पावसाळ्यात वारा बहुधा नैऋत्येकडून येतो आणि पांडेसरा लिंबायतच्या त्याच दिशेस आहे.

आम्लवर्षेने जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुपून जातात, संगमरवर झिजतो, पत्रे गंजतात. पाऊस नसतानाही हा वायू श्वासनलिकेस अपायकारक ठरतो.

आपल्या देशातील धुळीत चुन्याचा अंश असल्याने ती काही आम्ल निष्प्रभ करते. तथापि धूळ हे औषध नव्हे. ती फुप्फुसांस घातकच आहे. गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली सुरतेत धुराड्यांतील कणांसाठी उत्सर्जन-व्यापार योजना सुरू केली. कणांसाठी अशी ही जगातील पहिलीच योजना होय. परंतु कण गाळणाऱ्या पिशव्यांतून वायू निसटतो. त्यासाठी कमी गंधकाचे इंधन वापरणे, किंवा धूर चुन्याच्या पाण्याने धुणे आवश्यक असते. धूळ घटली आणि गंधक तसेच राहिले, तर आम्ल निष्प्रभ करणारा घटक मात्र उणावेल. म्हणून दोहोंवर एकाच वेळी नियंत्रण हवे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुढील प्रयोग करवून घ्यावा. स्वच्छ काचपात्र झाडे व छप्पर यांपासून दूर, उघड्यावर ठेवावे. पहिल्या सरीचे व तासाभरानंतरचे पाणी वेगवेगळे घेऊन सामूदर्शक कागदाने तपासावे. तारीख, वाऱ्याची दिशा व सामू यांची नोंद संपूर्ण पावसाळाभर ठेवावी. अशी वही गावापाशी असल्यास तक्रार करताना केवळ अनुमानावर विसंबावे लागत नाही, आणि अधिकाऱ्यांनाही चौकशीस निश्चित आधार मिळतो.