दुपारचा डबा हाही शिक्षणाचाच खर्च



वस्तीत आरोग्य तपासणी असली की कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो, "काल दुपारी काय जेवले?" बहुतेक वेळा मान खाली घालून उत्तर येते, "ताई, दुपारचं कुठी जेवणं? चहा न बिस्कुट घेतलं." कोणी समोसा सांगतो, कोणी आलूबोंडा. एखादा मुलगा काहीच बोलत नाही. त्याच्या खिशातली खर्र्याची पुडी बोलते.

ही लेकरे सकाळी सात-साडेसातला घर सोडतात. अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ शहराच्या कडेला, मार्डी रोडवर. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे आवारही लांबरुंद. बडनेरा, वलगाव, बाळापूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर अशा गावांहून बसने, रेल्वेने येणाऱ्या मुलांना घरी परतायला संध्याकाळचे पाच-सहा वाजतात. म्हणजे सकाळच्या चहानंतर नऊ-दहा तास पोटात धड अन्न नाही. आपण कर्ज काढून फी भरतो, पुस्तके घेतो, मोबाइल घेतो; पण दुपारच्या जेवणाचा हिशेब घरात कोणी मांडत नाही. तो कसा मांडायचा, हा या वेळचा पाठ.

उपाशी शिकणे ही अभिमानाची गोष्ट नाही

बाबासाहेब लंडनला १९२० ते १९२३ या काळात शिकत होते, तेव्हा दुपारचे जेवण टाळून ग्रंथालयात बसत आणि रात्री भाजलेल्या पापडावर भूक भागवत, असे त्यांच्या चरित्रात आपण वाचतो. आपल्या घरांत ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगितली जाते. सांगावीच. पण तिचा अर्थ चुकू नये. बाबासाहेबांनी पोट मारले ते नाइलाजाने. पुढच्या पिढ्यांनीही उपाशी शिकावे म्हणून नव्हे, तर त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ते झिजले.

तथागतांचीही एक गोष्ट आहे. आळवी नगरात एक गरीब शेतकरी धम्म ऐकायला निघाला होता. त्याचा बैल हरवला, तो शोधण्यात दिवस गेला आणि तो उपाशीच सभेत पोचला. बुद्धांनी उपदेश थांबवून ठेवला होता. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग धम्म सांगितला. भुकेल्या माणसाच्या डोक्यात उपदेश शिरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मग भुकेल्या मुलाच्या डोक्यात दुपारचा तास कसा शिरेल?

उपाशी राहिल्याने काय होते

मेंदू मुख्यतः साखरेवर, म्हणजे ग्लुकोजवर चालतो. जेवण चुकले की डोके दुखते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, डुलक्या येतात. लोक म्हणतात, पोरगं आळशी आहे. पोरगं आळशी नसते, भुकेले असते.

मुलींचे नुकसान जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. जिना चढताना धाप लागणे, पाय दुखणे, पाळीत अंग गळून जाणे या तक्रारी अनेकदा यातूनच येतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

आपल्या विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची, ती सिकलसेल. आपल्या समाजात हा आजार अनेक घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाने उपाशी राहू नये आणि पाणी कमी पिऊ नये. पाणी कमी पडले, दगदग झाली की अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. अशा मुलाच्या पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली म्हणजे औषधच. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या त्याला परस्पर देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. घरात कोणाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

आणि खर्रा. तंबाखूने भूक मरते, म्हणून मुले तो खातात आणि जेवणाचे पैसे त्यातच जातात. तोंडाचा कॅन्सर पुढची गोष्ट, दुपारचे जेवण आजच जाते. पंचशील रोज म्हणणाऱ्या घराने पाचवे शील या पुडीलाही लावून पाहावे.

पोटभर म्हणजे नेमके काय

पोट फुगणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. समोशात मैदा, आलू आणि तेल असते. तो खाल्ला की बरे वाटते, पण दीड-दोन तासांत पुन्हा भूक लागते. जेवण टिकते ते प्रथिनांमुळे, म्हणजे दाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी यांच्यामुळे. साधारण ५५ किलो वजनाच्या मुलीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम, तर ६५ किलोच्या मुलाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. त्यातली निम्मी दुपारच्या डब्यातून मिळाली तर दिवस निभावतो. ती कशी मिळतात ते पाहा :

- ज्वारीच्या दोन भाकरी (पीठ सुमारे १२० ग्रॅम) : १२ ग्रॅम
- मुगाची किंवा मटकीची सुकी उसळ (कोरडे कडधान्य ३० ग्रॅम) : ७ ग्रॅम
- शेंगदाण्याची चटणी (दाणे १५ ग्रॅम) : जवळपास ४ ग्रॅम

झाले २३ ग्रॅम. यात महागडे काहीही नाही. उसळ नसेल त्या दिवशी पिठले चालेल. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर फुटाण्यात (३० ग्रॅम) ६ ग्रॅम, तर २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. दुकानातून भाव विचारा आणि कागदावर लिहा. एका समोशाच्या पैशात किती फुटाणे येतात ते मुलांनाच मोजू द्या. वऱ्हाडाची शेती तूर, हरभरा, मूग आणि सोयाबीनची. ज्या आयाबाया ही पिके निंदतात, सोंगतात, त्यांच्याच लेकरांच्या डब्यात दाळ नसावी, हे बरोबर नाही.

सोबत लिंबाची एक फोड द्या. हिरव्या भाजीतले आणि उसळीतले लोह लिंबामुळे अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. चहा तासाभराने घ्यावा.

डबा भरताना

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दिवसांत पातळ वरण, भात, ओले खोबरे डब्यात देऊ नका. ते दुपारपर्यंत आंबते. भाकरी थंड करून स्वच्छ फडक्यात बांधा, उसळ सुकी करा, कांदा अख्खा द्या, तो वेळेवर फोडावा. वास आला किंवा तार सुटली तर ते अन्न फेकायचे, जीव धोक्यात घालायचा नाही.

आता डबा कोणी करायचा? माय पहाटे उठून धुण्याभांड्याला किंवा वावरात जाते. तिच्यावर आणखी एक काम टाकण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. कडधान्य आदल्या रात्री भिजवणे, चटणी रविवारी कुटून ठेवणे, सकाळी उसळ परतणे ही कामे मुलाला आणि मुलीला सारखीच यायला हवीत. वीस वर्षांच्या मुलाला भाकर थापता येत नसेल तर त्याने शिकावी. समता घरच्या चुलीपासून सुरू होते.

डबा नसेल तेव्हा

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून राज्यात सुरू झाली. १० रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असे तिचे माप ठरले. जवळचे केंद्र कोणते, ते सुरू आहे का आणि कोणत्या वेळेत, हे एकदा जाऊन पाहून या; थाळ्या ठरावीक असतात, म्हणून लवकर जावे. तरण्या मुलाला दोन पोळ्या पुरत नाहीत. घरून एक भाकर आणि मूठभर फुटाणे नेले तर ही थाळी पोटभर होते. ती सरकारी योजना आहे, भीक नाही.

खोली करून राहणारी मुले मेस लावतात. पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पोळ्या मोजून देता की पोटभर? गावी गेल्यास खाडे कापून देता का? रविवारी दोन्ही वेळचे जेवण असते का? वरणात दाळ किती, हे एक दिवस जेवून पाहू देता का? सबंध महिन्याचे पैसे पहिल्याच दिवशी देऊ नका.

ज्यांना समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळतो, त्यांच्या जेवणाची सोय तिथेच असते. प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अमरावती, अकोल्यासारख्या महानगरपालिकेच्या शहरांसाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले, त्यात भोजन भत्ता २८,००० रुपये. दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला २,८०० रुपये होतात, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून दिवसाला नव्वदच्या आसपास. उत्पन्नाची, गुणांची आणि बाहेरगावचा रहिवासी असण्याची अट आहे. चालू नियम समाजकल्याण कार्यालयात विचारून अर्ज वेळेत भरा. रक्कम दर महिन्याला येत नाही, म्हणून आली की मोबाइलच्या दुकानात जाण्याआधी जेवणाचा भाग बाजूला काढा. त्या पैशावर जेवणाचे नाव लिहिलेले आहे.

डबा उघडायची लाज

एका मुलीने आम्हाला सांगितले की ती डबा नेते, पण तसाच परत आणते. वर्गातल्या मुली पोळी-पनीर आणतात, तिच्या डब्यात भाकर आणि ठेचा. "त्यांनी पाहिलं तर कुठून आली ते समजते," ती म्हणाली. ही भूक पैशाची नाही, जातीची आहे. तिच्यावर गोळी नाही. पण इतके सांगता येते की ज्या ज्वारीची लाज वाटते, तिच्यासारख्या भरडधान्यांसाठी सगळ्या जगाने २०२३ हे वर्ष साजरे केले आणि शहरातले दुकानदार तिचीच बिस्किटे महाग विकतात. डबा एकटीने लपवून खाण्यापेक्षा वस्तीतल्या चार जणींनी मिळून उघडावा. चार डबे एकत्र उघडले की लाज कमी होते आणि भाजीही चार प्रकारची होते.

पाच घरे, पाच दिवस

यातूनच एक सोपी योजना निघते. एकाच बसने किंवा गाडीने जाणारी पाच मुले असतील तर पाच घरांनी वार वाटून घ्यावे. सोमवारी एका घरून पाचांचा डबा, मंगळवारी दुसऱ्या घरून. प्रत्येक घराला आठवड्यातून एकदाच पहाटे उठावे लागते. पाच जणांची उसळ एकदम केली की गॅसही वाचतो. ज्या घरी त्या आठवड्यात पैसे नाहीत, त्यांनी फक्त पीठ द्यावे किंवा श्रम द्यावे. हिशेब कोणी तोंडावर मारू नये.

अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न ही पहिली गोष्ट मानली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, ते गेले. या दोघांच्या तसबिरी आपल्या घरी शेजारी-शेजारी लागतात. एकाने शिका म्हटले, दुसऱ्याने भुकेल्याला जेवू घाला म्हटले. आपल्या लेकरांना दोन्ही हवे.

या आठवड्याचा गृहपाठ : रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा. कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला विचारा, काल दुपारी काय जेवले? उत्तरे वहीत लिहा. ज्यांचे उत्तर चहा-बिस्कीट असेल, त्यांच्या घराजवळची पाच घरे त्याच दिवशी ठरवा.

जयभीम.