हत्यारांची पेटी : वर्गीकरणाचा एक धडा
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी लिहायचे म्हणजे एखाद्या कवीचा परिचय करून द्यावा, नाहीतर सहलीचे वर्णन करावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र पाने, पक्कड, हातोडी आणि ही हत्यारे ज्या पत्र्याच्या पेटीत राहतात ती पेटी, यांविषयी लिहिणार आहे. हा विषय आय.टी.आय.च्या अंकात शोभला असता, असे कुणी म्हणेल. पण वर्गीकरण हा शब्द मी आपल्या ग्रंथालयात ऐकला आणि त्याचा खरा अर्थ मला घरच्या पेटीने शिकवला, म्हणून हा लेख येथेच यावा असे मला वाटते.

आमचे घर सिन्नर तालुक्यातील एका गावात, रस्त्याला लागून आहे. पुढच्या पडवीवर पत्रे टाकून वडिलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज केले आहे. आप्पांची शाळा दुसरीत सुटली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गॅरेजचे भांडवल म्हणाल तर एक हवेचा पंप, एक शेगडा आणि पाच खणांची हिरवी पेटी. वरची कडी धरून दोन्ही बाजूंना ओढली, की तिचे वरचे दोन व मधले दोन खण पायऱ्यांसारखे बाहेर येतात आणि खाली मोठा तळ दिसतो. अशा पेट्या आपण सर्वांनी रस्त्याच्या कडेला पाहिलेल्या असतात.

पहिल्या वर्षी 'कमवा व शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले. परत आलेली पुस्तके जागच्या जागी लावायची. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, हे मला तेथेच कळले. मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली प्रसिद्ध केलेली ही दशांश पद्धती आहे. आपल्या देशात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली मांडले आणि १९३३ साली स्वतःची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक होते. त्यांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते, हे आमचे ग्रंथपाल सर वारंवार सांगत. या साऱ्याचा माझ्यावर फार परिणाम झाला आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो तो डोक्यात वर्गीकरण घेऊनच.

घरी जाऊन पाहतो तो आप्पांच्या पेटीत सारा गोंधळ! निदान मला तो गोंधळ वाटला. पान्यांच्या शेजारी प्लग घासायचा ब्रश, पकडीच्या खाली फाटके फडके, एक दहा नंबरचा पाना उजव्या खणात तर बाकीचे डाव्या. एके दुपारी आप्पा सुटे भाग आणायला तालुक्याला गेले होते. मी सारी पेटी रिकामी केली, रॉकेलने हत्यारे पुसली आणि जातवारी लावली. उघड्या तोंडाचे पाने एका खणात, रिंगचे दुसऱ्या खणात, स्क्रू ड्रायव्हर लांबीप्रमाणे. प्रत्येक खणावर कागदाची चिठ्ठी चिकटवली. पेटी एखाद्या दुकानातल्या काचेच्या कपाटासारखी दिसू लागली. आई येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही. मला तेव्हाच समजायला हवे होते. कारण अंधारातही मिठाऐवजी सोडा तिच्या हाती कधी येत नाही, आणि तिच्या एकाही डब्यावर चिठ्ठी नाही.

संध्याकाळी वीज गेली. त्याच वेळी एक दूधवाला बंद पडलेली मोटारसायकल ढकलत आला. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या होत्या. गाडी जुनी, कार्बोरेटरची. आत कचरा अडकला असणार. कार्बोरेटर सोडवायचा म्हणजे दहा नंबरचे दोन बोल्ट. आप्पांनी मोबाईलचा उजेड गाडीवर धरायला सांगितला आणि नजर गाडीवर ठेवूनच उजवा हात पेटीत घातला. त्या जागी नेहमी त्यांचा एकटा दहाचा पाना असे. त्या दिवशी तेथे मी दहा-अकराचा, दोन्ही बाजूंना दोन मापांचा, पाना ठेवला होता. आप्पांनी तो लावला आणि जोर दिला. लागलेली बाजू अकराची होती. बोल्टचे कोपरे गेले.

मग दातेरी पकडीने धर, घसर, छिन्नी लाव, असे करता करता दोन तास गेले. संकलन केंद्राची वेळ टळली. उन्हाळ्याचे दिवस, दूध टिकणार कसे? आप्पांनी दूधवाल्याकडून मजुरी घेतली नाही. उलट नवा बोल्ट आपल्या पदरचा घातला. मला ते रागावले नाहीत. हात पुसता पुसता एवढेच म्हणाले, "आरं, दहाचा तिथं नव्हता रं."

ते वाक्य मला शिक्षेपेक्षा जड गेले.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर असतो, मिलिमीटरमध्ये. बोल्टची जाडी वेगळी. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके सामान्यतः १० चे असते. आता डोके षट्कोनी असल्यामुळे दहाच्या डोक्याचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे साडेअकरा मिलिमीटर भरते. म्हणून अकराचा पाना त्यावर नुसता गरगर फिरत नाही. तो अडकतो, आणि अडकला म्हणजे बसला असे हाताला वाटते. प्रत्यक्षात तो सपाट बाजूंना न धरता कोपऱ्यांजवळ टेकलेला असतो. सारा जोर त्या बारीक कोपऱ्यांवर येतो आणि ते सोलून निघतात. रिंग पाना डोक्याला सर्व बाजूंनी वेढतो म्हणून घट्ट बोल्ट आधी रिंगने सैल करावा व मग उघड्या तोंडाच्या पान्याने भराभर काढावा, ही चांगल्या कारागिराची पद्धत. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांवर तर इंची मापाचे बोल्टही सापडतात. आपल्याकडे दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, पण जुने यंत्र कायद्याने बदलत नाही. अशा गाडीला जवळपास बसणारा मिलिमीटरचा पाना लावला की हीच गत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी पेटी सोडून आप्पांकडे बघायला लागलो. वहीत हत्यारांची नावे लिहिली आणि जे हत्यार बाहेर निघेल त्यापुढे रेघ मारायची, असे आठवडाभर केले. वही भरली तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे पेटीतली थोडीच हत्यारे दिवसभर राबतात आणि उरलेली दिवसेंदिवस हलत नाहीत. आठ, दहा, बारा, चौदा आणि सतरा हे पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक पक्कड यांच्यापुढे रेघांचे गठ्ठे पडले होते. दुसरी गोष्ट मला आधीच माहीत असायला हवी होती. आप्पा पेटीत बघतच नाहीत. त्यांना जवळचे दिसत नाही. पान्यांवरचे आकडे झिजलेले, आणि माझ्या चिठ्ठ्यांवरची अक्षरे त्यांच्यासाठी नुसत्या काळ्या रेघा. एकाच घरात राहून, त्यांच्याच पैशांवर कॉलेजात जाऊन, मला हे ठाऊक नव्हते.

वाचकाचा वेळ वाचवा, हा नियम मी पाठ केला होता. पण या पेटीचा वाचक कोण, हा प्रश्न मी विचारला नव्हता. आप्पांचा गोंधळ हीच त्यांची पद्धती होती. तिचा क्रमांक त्यांच्या हातात होता.

मग आम्ही दोघांनी मिळून पेटी पुन्हा लावली. त्यातून जे शिकलो ते येथे देतो. घरी सायकल, स्कूटर किंवा शेतीचे इंजिन असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

पहिले, पेटी पूर्ण रिकामी करावी आणि हत्यारांचे तीन ढीग करावेत : रोजची, आठवड्यातून एकदोनदा लागणारी आणि क्वचित लागणारी. चौथा ढीग निरुपयोगी हत्यारांचा. तोंड फाकलेला पाना मोह न धरता काढून टाकावा. तो एक दिवस बोल्ट खराब करणारच. छिन्नीचे डोके हातोडीच्या माराने छत्रीसारखे पसरले असेल तर ती कडा घासून काढावी. तिचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो.

दुसरे, रोजची हत्यारे वरच्या खणांत, आणि ती काम करणाऱ्याच्या हाताच्या बाजूला. आप्पा उजव्या हाताने पाना घेतात व डाव्याने पक्कड, म्हणून पाने उजवीकडे आणि पक्कड डावीकडे. हातोडी, मोठे पाने, छिन्न्या ही जड हत्यारे तळाला. त्यामुळे पेटी उचलताना कलंडत नाही आणि नाजूक वस्तूंवर लोखंड आदळत नाही.

तिसरे, जातीपेक्षा कामाचा मेळ पाहावा. प्लगचा पाना, फीलर गेज, वायर ब्रश आणि पॉलिश पेपर यांच्या जाती चार, पण काम एक. ते एकाच खणात हवेत. प्लगचे पाने मात्र दोन ठेवावे लागतात : जुन्या स्कूटरच्या प्लगला २१ चा लागतो, तर पुष्कळ मोटारसायकलींना १६ चा. पंक्चरचे सामान, म्हणजे टायर काढायच्या पट्ट्या, सोल्युशन, ठिगळे आणि कानशीचा तुकडा, वेगळ्या पिशवीत ठेवावे. सोल्युशन सांडले की सारी पेटी चिकट होते. चांगल्या कानशी फडक्यात गुंडाळाव्यात. एकमेकींवर घासून त्यांचे दात बोथट होतात.

चौथे, मोकळी जागा दिसली पाहिजे. आम्ही फळीच्या एका पट्टीला करवतीने खाचा पाडल्या आणि त्यांत रोजचे पाने मापाच्या चढत्या क्रमाने उभे केले. एक जरी नसला तरी तोंडातला पडलेला दात दिसावा तशी खाच दिसते. विमानांच्या देखभालीत प्रत्येक हत्याराची अशीच नेमलेली जागा असते आणि काम संपल्यावर मोजणी होते, कारण इंजिनाजवळ विसरलेला एक पाना प्राणघातक ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची दिली, तिच्यातही रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी उपकरणे मोजून घेण्याची पायरी आहे. आमच्या पडवीत एवढा धोका नाही, पण गाडीच्या सीटखाली राहून गिऱ्हाइकासोबत गेलेला पाना परत येत नाही, हेही खरे.

पाचवे, खुणा अशा असाव्यात की ज्याला वापरायच्या आहेत त्याला त्या वाचता याव्यात. ही कल्पना आप्पांची. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या त्यांनी अरुंद कड्या कापल्या आणि पान्यांच्या दांड्यांवर चढवल्या : आठच्या पान्याला एक कडी, दहाला दोन, बाराला तीन. दोन मापांच्या पान्यावर कड्या त्या त्या मापाच्या बाजूला. बोट फिरवले की माप समजते, उजेड असो वा नसो. माझ्या चिठ्ठ्या आम्ही काढून टाकल्या.

सहावे, दिवस संपला की प्रत्येक हत्यार कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे आणि पावसाळ्यात त्यावर तेलाचा हात फिरवावा. पेटीत ओले फडके ठेवू नये. गंज बाहेरच्या पावसापेक्षा आतल्या ओलीनेच जास्त चढतो.

एवढे झाल्यावर मी आप्पांना डोळे तपासायला घेऊन गेलो. जवळचा चष्मा मिळाला. घरी येऊन त्यांनी प्रथम एक पाना हातात घेतला, त्यावरचा पुसट आकडा बराच वेळ पाहिला आणि हसले. आता ते बिले स्वतः वाचतात. पाना मात्र अजूनही न बघताच काढतात.

मित्रहो, आपण पुस्तकांतून नियम शिकतो ते खोटे नसतात. रंगनाथनांचा नियम आमच्या पडवीतही खरा ठरला. फक्त तो लावण्यापूर्वी ज्याच्यासाठी लावायचा त्या माणसाचा हात कुठे जातो, हे आठ दिवस गप्प बसून पाहावे लागले. ग्रंथालयात मी अजूनही पुस्तके लावतो. पूर्वी कुणी पुस्तक शोधताना अडखळले की मला त्याचे अज्ञान दिसे. आता तो कोणत्या फळीशी थांबला हे मी आधी पाहतो.

सुटीत घरी असलो की रात्री पेटी बंद करायचे काम माझ्याकडे असते. आप्पा हात धुता धुता विचारतात, "आली का समदी घरी?" मी खाचांवरून बोट फिरवतो, कड्या मोजतो आणि मगच सांगतो, "आली, आप्पा."