पर्समधला निळा डाग आणि लोणावळ्याचा चढ

प्रश्न : पन्नासाव्या वाढदिवसाला मुलाने शाईचं पेन दिलं. एबोनाइटचं, जाडजूड, ड्रॉपरने शाई भरायचं. शाळा सुटल्यावर तीस-पस्तीस वर्षांनी असं पेन हातात आलं. रोज बदलापूरहून फोर्टला नोकरीला जाते. पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी लोकलमधून उतरले तर पर्समध्ये निळा डाग. पुढच्या आठवड्यात पुण्याला बहिणीकडे गेले, तर तिथे टोपण काढताच बोटं माखली. शिवाय ऑफिसच्या वहीत शाई फुटते. आमचे हे म्हणतात, दहा रुपयांच्या बॉलपेनने कधी इतका ताप दिला होता का? तर पेन गळतं का? आणि एवढं सगळं करून त्यात मजा कसली, हे यांना कसं सांगू?
— एक वाचक, कात्रप, बदलापूर (पूर्व)

उत्तर : तुमचं पत्र त्याच पेनाने लिहिलेलं आहे, हे पहिल्या ओळीलाच कळलं. तीन पानं, दुसऱ्या पानावर अंगठ्याचा ठसा, आणि ‘पर्समध्ये’ या शब्दाशी शाई अचानक गडद झालेली. तिथे बहुधा तुम्ही थांबून काहीतरी आठवत होता आणि निब कागदावर टेकलेली राहिली. बॉलपेनच्या पत्रात हे दिसलं नसतं. यजमानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं, पण आधी गळतीचं बघू.

बॉलपेनमध्ये शाई घट्ट, तेलकट असते. टोकाची गोळी कागदावर दाबून फिरवली तरच ती बाहेर येते. हंगेरीच्या लास्लो बिरोने 1938 साली बॉलपेनचं पेटंट घेतलं ते याच हिशेबाने. शाईचं पेन याच्या उलट आहे. त्यात शाई पाण्यासारखी पातळ असते आणि तिला कोणीही ढकलत नाही. समईच्या वातीत तेल जसं आपोआप चढतं, तशीच ती निबेच्या चिरेतून कागदापर्यंत येते. निबेखालची ती काळी खाचाखाचांची पट्टी, आम्ही शाळेत तिला जीभ म्हणायचो, दोन कामं करते. एका बारीक खोबणीतून शाई खाली सोडते आणि त्याच वाटेने तेवढीच हवा वर घेते. शाई गेली आणि हवा आत आली नाही तर पेन बंद पडतं. हवा जास्त झाली आणि फुगली तर पेन गळतं. अमेरिकेच्या वॉटरमनने 1884 साली पेटंट घेतलं ते मुख्यतः या जिभेसाठी. निबेचं कौतुक सगळे करतात, पण पेन चालवते ती जीभ.

आता तुमचा पाचवा दिवस. ड्रॉपरच्या पेनाला आत वेगळी नळी नसते, अख्खी दांडीच टाकी. चार दिवस लिहून ती अर्धीअधिक रिकामी झाली, म्हणजे आत समजा दोन मिली हवा. सकाळी घरात तापमान अठ्ठावीस. लेडीज डब्यात, चारी बाजूंनी चेपलेल्या गर्दीत, पोटाशी धरलेल्या पर्समध्ये ते सहज चौतीस होतं. सहा अंशांनी हवा दोन टक्के फुगते. दोन मिलीचे दोन टक्के म्हणजे 0.04 मिली, जवळजवळ एक थेंब. आतल्या ओलाव्याची वाफ धरली तर थोडं जास्तच. पेन पर्समध्ये आडवं किंवा उलटं असेल तर फुगलेली हवा तो थेंब पुढे ढकलते, आणि कल्याणला गाडीने धक्का दिला की तो टोपणात जातो. पहिल्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली होती, फुगायला हवाच नव्हती, म्हणून काही झालं नाही.

पुण्याचं प्रकरण याहून मजेशीर आहे. तिथे उष्णतेचा संबंध थोडा, घाटाचा जास्त. कर्जत ते लोणावळा या चढात गाडी साडेपाचशे मीटरहून जास्त वर जाते आणि हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. बाहेरचा दाब उतरला की आतली हवा पसरते. त्याच दोन मिलीवर हिशेब केला तर दोन-अडीच थेंब. म्हणजे रोजच्या लोकलपेक्षा बोरघाट तुमच्या पेनाला दुप्पट-तिप्पट महागात पडतो. कर्जतला मागून इंजिन लागतं आणि सगळे वडापावाकडे धावतात, तेव्हा तुम्ही पेन काढून निब वर करून धरा. निब वर असली की तिच्यालगत हवा असते, शाई नाही. मग फुगलेली हवा मुकाट्याने बाहेर जाते. विमानात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर होतो, कारण केबिनमधला दाब जमिनीवरच्या दाबाच्या तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. तिथे एकतर पूर्ण भरलेलं पेन न्या, नाहीतर पूर्ण रिकामं.

थोडक्यात, टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका आणि प्रवासात निब आकाशाकडे ठेवा. दांडीच्या आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा म्हणजे तिथून पाझरणार नाही. व्हॅसलीन नको, पेनात कुठे रबर असेल तर ते बिघडतं. पेन उन्हात खिडकीशीही ठेवू नका. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. काळं एबोनाइट उन्हाने मळकट हिरवट होतं आणि पूर्ववत करायला पुन्हा पॉलिश मारावं लागतं.

डागाचं. शाई साधी रॉयल ब्लू असेल तर तो जाईल. आधी गार पाणी, चोळायचं नाही, टिपायचं. गरम पाणी तर नकोच. तुमच्या शेजारच्या उल्हासनगरात जीन्सच्या धुलाई-रंगाईचे कारखाने होते, वालधुनी नदीचं पाणी निळं झालेलं पाहिलेले लोक अजून आहेत. तो निळा निराळा. जीन्समधली नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिला आधी रसायनाने विरघळवून धाग्यात घुसवतात, मग हवा लागली की ती परत निळी होऊन तिथेच बसते, आणि घासल्यावर कापडासकट झिजते. पेनातला निळा रंग मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. म्हणूनच तो निबेच्या चिरेत अडकत नाही आणि म्हणूनच धुतल्यावर जातो. याच कारणासाठी चेक आणि करारपत्रं रॉयल ब्लूने लिहू नका. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शके 982 चा लेख दगडात कोरलेला आहे, त्याला पाऊस काही करत नाही. तुमच्या वाणसामानाच्या यादीला इतक्या टिकाऊपणाची गरज नाही.

शाई कुठली, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण यात लोक पेनं मारतात. स्टेशनरीच्या दुकानात एकाच फळीवर पेनाची शाई आणि ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई शेजारी शेजारी असतात. ड्रॉइंगच्या शाईत लाखेसारखे चिकट पदार्थ असतात. ती पेनात वाळली की जीभ कायमची बंद. माझं एक चांगलं पेन असंच गेलं. दुकानदाराने आग्रहाने ‘हीच घ्या, पक्की आहे’ म्हणून बाटली दिली, मीही लेबल वाचलं नाही. पक्की होती खरी.

मराठी घरात शाई म्हटलं की दांडेकर आठवतात. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी 1931 साली गिरगावात सुरुवात केली ती ‘हॉर्स ब्रँड’च्या शाईच्या पुडीने आणि वडीने. पाण्यात विरघळवायची आणि दौतीत ओतायची. मग ‘कॅमल’ शाई आली, आणि कॅमल आणि इंक जोडून कॅम्लिन. 2011 साली जपानच्या कोकुयोने कंपनीत मोठा हिस्सा घेतला, पण उंटाची बाटली अजून मिळते आणि तुमच्या पेनाला ती पुरेशी आहे. दीडशे रंगांच्या परदेशी बाटल्यांचा नाद लागायचाच आहे, तो पुढच्या वर्षी लागू दे.

वहीत शाई फुटते, त्यात पेनाचा दोष कमी. कागद म्हणजे लगद्याचे तंतू, तेही वातीसारखेच शाई ओढतात. म्हणून कागदावर स्टार्चसारखा थर देतात, खळच म्हणा. ऑफिसच्या स्वस्त वहीत खळ कमी, त्यात जुलैमधली बदलापूरची हवा. सत्तावीस जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, त्या पट्ट्यातला पावसाळा काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. कागद आधीच ओला असतो, तो शाई घेऊन पसरतोच. वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि निब बारीक घ्या.

बारीक निबेचा आग्रह मी मराठीसाठी धरतो. इंग्रजी अक्षराला जाड निब शोभते. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. जाड निबेने ‘क्ष’चं पोट आणि ‘थ’ची गाठ बुजते. जपानी कंपन्यांची ‘फाइन’ जर्मन ‘फाइन’पेक्षा बारीक असते, मराठीला ती बरी पडते. (उल्हासनगरच्या जपानी बाजारात शोधायला जाऊ नका. तिथे कापड मिळतं.) आमच्या लहानपणी खिशाला ‘यूएसए’ लिहिलेलं पेन लावून कोणी आला, की त्याला पहिला प्रश्न ‘उल्हासनगरच्या कुठल्या कॅम्पातलं?’ असा असायचा.

दुकानात पेन बघताना बहुतेक लोक सही करतात. सही करू नका, सहीचा हात सवयीने धावतो आणि कुठलीही निब चालवून नेतो. ‘ज्ञ’, ‘ळ’, ‘क्ष’ लिहा आणि मग सगळ्यांवरून एक लांब शिरोरेघ ओढा. निबेची दोन पाती किंचित जरी वरखाली असली तरी उभ्या रेघेत ते लपतं, आडव्या रेघेत पातं कागदाला खरवडतं. शिरोरेघ हा मराठी माणसाच्या हातातला निबेचा कसोटीचा दगड आहे.

आणि मजा विचारलीत, तर ती याच शिरोरेघेत आहे. मोडी लिहिणारे कारकून पानावर आधी काठापासून काठापर्यंत रेघ ओढायचे आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं त्या रेघेला टांगत जायचे. आपण उलटं करतो, शब्द आधी आणि रेघ नंतर. बॉलपेनने लिहिणाऱ्यांनी तर शिरोरेघ सोडूनच दिली आहे. दुकानाच्या पावत्या बघा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या बघा. दाबून दाबून शब्द झाल्यावर वर आणखी एक रेघ दाबायला हात कंटाळतो. शाईच्या पेनाला दाबावं लागत नाही, नुसतं टेकवायचं. पेन पन्नासएक अंशांत कलतं धरून, शब्द संपल्यावर हात हलकेच उजवीकडे न्यायचा. शाई एक क्षण ओली चमकते आणि मग कागदात मुरते. माझी पत्नी म्हणते, या एका क्षणासाठी मी उगाच लांब शब्द वापरतो. असेल.

दुसरी मजा भरण्याची. रविवारी रात्री जेवणं झाली की मी ओट्यावर कालचा पेपर पसरतो. पेन उघडून साध्या पाण्याने धुतो, पाणी निळं, मग फिकं, मग स्वच्छ होईपर्यंत. ड्रॉपरने काठापर्यंत भरतो, दांडी बसवतो, निब जुन्या सुती रुमालाने पुसतो. त्या रुमालावर आता आठ वर्षांच्या शाया आहेत. दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांत कोणी मला काही काम सांगत नाही, कारण माझी बोटं निळी असतात.

तुमचं पेन बहुधा दक्षिणेत लेथवर हाताने घडवलेलं असणार. एबोनाइटच्या पेनांची ही परंपरा आंध्र-तामिळनाडूत टिकली. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून पेन घडवायला घेतलं, तिथपासूनची ही वाट. मुंबईतही एअरमेल आणि वॅलिटीची पेनं होत आली. सांगायचं कारण एवढंच, की असं पेन बिघडलं तर उघडता येतं. निब आणि जीभ बहुधा ओढून निघतात, पाण्याने धुऊन परत बसतात. तुमच्या मुलाला हे माहीत असेल तर त्याने विचारपूर्वक भेट दिली आहे.

यजमानांशी वाद घालू नका. एखाद्या रविवारी त्यांच्यासमोर पेन भरा आणि टेबलावर ठेवून चहा टाकायला आत जा. बाहेर याल तेव्हा पेपरच्या कोपऱ्यात त्यांची सही असेल, बहुतेक तीन-चार वेळा. तेव्हा मात्र त्यांना शिरोरेघ ओढायला सांगा. आणि पेन त्यांना रोजच्या वापराला देऊ नका, निब एका हाताच्या कलाला घासत जाते, दुसऱ्या हातात ती खरखरते.

मला परत लिहिलंत तर पाऊस गेल्यावर लिहा. याच वहीवर, याच पेनाने. कोरड्या हवेत तुमच्या ‘क्ष’चं पोट उघडं राहतं का, ते बघायचं आहे.