किल्ली एक, राखणदार तीन

बँकेच्या लॉकरची किल्ली आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असेल. ती एकटी लॉकर उघडीत नाहीं. बँकेचा अधिकारी आपली किल्ली आधीं लावतो, मगच आपली फिरते. यांत कोणाचा कोणावर अविश्वास नाहीं. एकाच हाताच्या चुकीनें सर्वस्व जाऊं नये, एवढीच त्यामागील दृष्टि आहे. हाच विचार गणितानें पुढें कोठवर नेला आहे, तें आज पाहूं.

हल्लीं कुटुंबाचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज, दुकानाचे हिशेब आपण ‘क्लाउड’वर ठेवितों. क्लाउड म्हणजे ढग. परंतु हा ढग आकाशांत नसून जमिनीवरील भक्कम इमारतींत, हजारों संगणकांच्या रूपानें असतो. असें केंद्र पुण्यांत मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं, मुंबईंत अमेझॉननें २०१६ सालीं व गूगलनें २०१७ सालीं सुरू केलें. सारांश, आपली ठेव आपण परक्याच्या घरीं ठेवितों. म्हणून ती सांकेतिक रूपांत, जणूं कुलूपबंद करून ठेवावी लागते. या कुलपाची किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या होय. आज रूढ असलेल्या एका पद्धतींत ती शून्य व एक अशा २५६ अंकांची असते.

या किल्लीस दोन भयें आहेत. ती चोराच्या हातीं लागली, तर सारें उघड होतें. ती हरवली, तर खुद्द मालकही बाहेर राहतो. कारण हें कुलूप फोडून देणारा लोहार जगांत नाहीं. ठेव ज्या कंपनीकडे, तिच्याकडेच किल्लीही देणें म्हणजे पेटीच्या कडीलाच किल्ली टांगून ठेवणें होय. म्हणून किल्लीचे भाग करून ते निरनिराळ्या कंपन्यांकडे ठेवावे, अशी युक्ति सुचते.

पण भाग करावे कसे? समजा, किल्ली दहा अंकांची आहे व आपण तिचे पांच-पांच अंकांचे दोन तुकडे केले. संपूर्ण किल्ली ओळखण्यास चोराला एक हजार कोटि संख्या तपासाव्या लागल्या असत्या. एक तुकडा हातीं येतांच आतां केवळ एक लाख संख्या तपासून काम भागतें! शिवाय दोहोंपैकीं एक तुकडा नष्ट झाला, तर मालकाचें काम कायमचें अडलें. म्हणजे या विभागणीनें दोन्ही भयें कायमच राहिलीं.

१९७९ सालीं आदि शामीर या इस्रायली गणितज्ञानें व जॉर्ज ब्लेकली या अमेरिकन गणितज्ञानें, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, यावर उपाय प्रसिद्ध केला. शामीर यांच्या रीतीचें मूळ आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असलेल्या एका सिद्धांतांत आहे : दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, एका बिंदूंतून मात्र अगणित रेषा जातात.

उदाहरण घेऊं. गुप्त संख्या ७ आहे. तिच्या जोडीस कोणतीही एक संख्या मनांत धरावी, समजा ३. पहिल्या कंपनीस ७ अधिक ३, म्हणजे १० द्यावे. दुसरीस आणखी ३ मिळवून १३, तिसरीस १६ द्यावे. आतां पहिली व तिसरी एवढ्याच कंपन्या हातीं आहेत असें समजा. १० पासून १६ पर्यंत दोन पायऱ्यांत ६ वाढले. म्हणजे एका पायरीस ३. पहिलीच्या एक पायरी मागें गेलें कीं ७ मिळाले! कोणत्याही दोन भागांवरून हेंच उत्तर येतें. एकट्या १० वरून मात्र येत नाहीं, कारण दुसरी संख्या कोणती धरली होती हें कोणास ठाऊक? तिहींपैकीं एक कंपनी बंद पडली तरी मालकाचें अडत नाहीं, आणि एकीवर चोर पडला तरी त्याचें साधत नाहीं.

प्रत्यक्षांत संख्या फार मोठ्या घेतात व घड्याळांत बारानंतर पुन्हां एक येतो तशा बाकीच्या गणितानें हिशेब करितात. तसें केलें म्हणजे एका भागावरून गुप्त संख्येची लहानशी चाहूलही लागत नाहीं, हें गणितानें सिद्ध झालें आहे. तीन भाग जुळल्यावांचून उघडूं नये असें वाटल्यास सरळ रेषेऐवजीं वक्ररेषा घेतात. इंटरनेटवरील नांवांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेनें २०१० सालीं तिच्या मूळ किल्लीची रक्षक-प्रत अशाच विभागणीखालीं ठेविली. सात व्यक्तींकडे सात भाग. पैकीं पांच जुळले तरच ती प्रत उघडावी, असा नियम ठरला.

तथापि एक इशारा दिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. तीन कंपन्यांकडे तीन भाग ठेविले, पण तिन्ही खात्यांचे पासवर्ड एकाच वहींत किंवा एकाच मोबाईलमध्यें असले, तर राखणदार तीन दिसतात, असतो मात्र एकच! तसेंच भाग ज्या संगणकावर जुळवावयाचे, तेथें क्षणभर संपूर्ण किल्ली प्रकट होते. तोच संगणक दूषित असेल, तर सारी खबरदारी व्यर्थ. विभागणीचें बळ भागांच्या संख्येंत नाहीं. राखणदार खरोखर वेगळे असण्यांत आहे.

पालकांसही आमची एक विनंति आहे. घरच्या कागदपत्रांची किल्ली एकट्या कर्त्या पुरुषाच्या स्मरणांत असली आणि त्यास कांहीं झालें, तर त्या दुःखांत पत्नीला व मुलांना स्वतःच्याच दारापाशीं उभें राहावें लागतें. तसें होऊं नये म्हणून, आपल्यामागें कोणीं दोघांनीं मिळून काय उघडावें, हें आजच ठरवून ठेवावें. विद्यार्थ्यांनीं आलेखाचा कागद घ्यावा, एक गुप्त संख्या ठरवावी व तिचे तीन भाग तीन भावंडांस द्यावे. कोणतेही दोघे एकत्र बसले कीं उत्तर निघेल. एकटा कितीही हुशार असला तरी त्यास तें निघणार नाहीं.