वाचकांचे प्रश्न : होलोग्राम नसलेली जीटरची बॅट

प्रश्न : मुलामुळे मलाही यँकीज या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे वेड लागले. एका विक्रेत्याकडे यँकीजच्या डेरेक जीटरने १९९६च्या हंगामात सामन्यात वापरलेली बॅट १४ हजार डॉलरना मिळते आहे. सोबत प्रमाणपत्र आहे, पण मेजर लीगचा होलोग्राम नाही. बॅट खरी कशी मानावी? फसगत झाली तर दाद मिळेल का? पुढे विकल्यास कर किती?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : होलोग्राम नसणे हा या बॅटचा दोष नाही. नव्वदच्या दशकात बनावट स्वाक्षऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये त्यामागची टोळी पकडली आणि मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये स्वतःची प्रमाणन योजना सुरू केली. तेव्हापासून आजी-माजी पोलीस अधिकारी सामन्याला हजर राहून वस्तूंवर क्रमांकित होलोग्राम लावतात. जीटर पहिला सामना खेळला २९ मे १९९५ रोजी आणि १९९६ मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. म्हणजे ही बॅट योजनेच्या आधीची. त्या काळातल्या वस्तूवर सामन्याच्या दिवशी लावलेला होलोग्राम कोणी दाखवलाच, तर उलट सावध व्हावे.

मग पुरावा शोधायचा तो बॅटवरच. जीटर लुईव्हिल स्लगर कंपनीची पी७२ या मॉडेलची, ३४ इंच लांब आणि ३२ औंस वजनाची बॅट वापरत असे. कंपनीचा शिक्का ठरावीक वर्षांनी बदलत गेल्याने बॅट कोणत्या काळातली, हे तज्ज्ञ सांगू शकतात. खेळाडूने कोणत्या मापाच्या बॅटा कधी मागवल्या, याच्या कारखान्यातल्या नोंदीही ते ताडून पाहतात. मात्र या नोंदींवरून बॅट जीटरसाठी बनली एवढेच कळते, ती मैदानात उतरली की नाही हे कळत नाही. त्यासाठी चेंडूच्या शिवणीचे ठसे, पकडीसाठी मुठीवर लावलेला चिकट पाइन टार आणि बॅटा ठेवण्याच्या कप्प्यांचा लागलेला रंग पाहतात. पीएसए ही संस्था या सगळ्याचा विचार करून बॅटला १० पर्यंत गुण देते.

सर्वांत भक्कम पुरावा छायाचित्राचा. लाकडाच्या रेषा प्रत्येक बॅटवर वेगळ्या असतात. त्या सामन्यातल्या छायाचित्राशी जुळल्या की शंकेला फारशी जागा उरत नाही. बेसबॉलपटू बेब रूथचा १९३२च्या वर्ल्ड सिरीजमधला सदरा २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना विकला गेला होता. पुढे तज्ज्ञांनी तो छायाचित्रांशी जुळवून दाखवला आणि २०२४ मध्ये हेरिटेज या लिलावगृहाच्या लिलावात त्याला २ कोटी ४१ लाख डॉलर मिळाले. या वाढीत बाजाराच्या तेजीचाही वाटा आहे, पण जुळणीशिवाय इतका आकडा गाठणे अवघड होते.

आता कायदा. प्रमाणपत्र म्हणजे तज्ज्ञाचे मत. खरेदीदाराला खरा आधार विक्रेत्याच्या शब्दाचा. ‘जीटरने १९९६ मध्ये सामन्यात वापरलेली’ असे विक्रेत्याने पावतीवर लिहिले, तर व्यापारी संहितेनुसार ती स्पष्ट हमी ठरते आणि ताबा मिळाल्यापासून साधारणपणे ४ वर्षे दावा करता येतो. ‘आमच्या मते’, ‘वापराच्या खुणा दिसतात’ अशा शब्दांना ते बळ नाही. व्यावसायिक विक्रेत्याने फसवल्याचे सिद्ध झाले, तर न्यू जर्सीच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाचा खर्चही मिळतो.

न्यू जर्सीतच असे प्रकरण गाजले आहे. फुटबॉलपटू एलाय मॅनिंगच्या नावाने विकलेली हेल्मेट सामन्यात वापरलेली नव्हती, असा आरोप करत संग्राहकांनी २०१४ मध्ये त्याच्यावर आणि न्यूयॉर्क जायंट्सवर दावा लावला. मॅनिंगने आरोप नाकारला. २०१८ मध्ये सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली. म्हणजे हेल्मेट खरोखर खेळाडूचे असले, तरी ‘सामन्यात वापरलेले’ एवढ्या दोन शब्दांवर वर्षानुवर्षे भांडावे लागते.

कराचे गणित नफ्यावर चालते. कर सल्लागार अशा वस्तू साधारणपणे संग्राह्य वस्तूंच्या गटात धरतात. वर्षाहून जास्त काळ जवळ ठेवून विकल्यास नफ्यावर संघराज्याचा कर जास्तीत जास्त २८ टक्के लागतो. शेअरवर ही कमाल २० टक्के आहे. वर्षाच्या आत विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो. राज्याचा कर वेगळा. वस्तू लिलावात घेतली असेल, तर लिलावगृहाचे खरेदी शुल्क मूळ किमतीत धरता येते, म्हणून ती पावती जपावी. घराच्या विम्यात अशा वस्तूची पूर्ण किंमत बहुधा मिळत नाही. तिची स्वतंत्र नोंद करून घ्यावी.

वाचकाने पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागाव्यात : बॅट आजवर कोणाकोणाच्या हातून आली याची कागदपत्रे, छायाचित्र जुळवण्यासाठी मुदत आणि वर दिलेले वाक्य पावतीवर, सहीनिशी. विक्रेता हे वाक्य लिहून द्यायला तयार नसेल, तर ‘जीटरसाठी बनवलेली, वापर सिद्ध न झालेली’ बॅट एवढीच तिची किंमत धरून बोलणी करावीत.